ना गरम ना गार: श्वेंकांच्या घरची फरशी

सदर इसमाचे नाव ओटमार श्वेंक. मुक्काम हासलिंगन, दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियाच्या पठारावर, थंडी पडण्यास पुरेशा उंचीवर. धर्म प्रॉटेस्टंट. पूर्वीचा व्यवसाय सरकारी वजनमापे निरीक्षक. सध्याचा हुद्दा अध्यक्ष, हासलिंगन व परिसर हीट पंप स्नेही मंडळ (नोंदणीकृत). बांधा काटक. चष्मे दोन, पैकी एक वाचण्याचा व दुसरा माणसांकडे पाहण्याचा. ओळखीची खूण: पायात बारमाही राखाडी लोकरीच्या सपाता. विवाहित. पत्नी रोझविता, मंडळाची संस्थापक सभासद क्रमांक सात. नोंदणीस कायद्याने सात माणसे लागतात आणि सहा मिळाली होती. प्रस्तुत इसम घरगुती उष्णतेच्या सर्व बाबतींत सल्ला देण्यास सक्षम असून तो सल्ला विनामूल्य व न मागता देतो.

नोकरीत असताना श्वेंकांनी जिल्ह्यातल्या सगळ्या खाटकांचे तराजू तपासले. आठवडी बाजारात ते शिरले की चीजवाल्या बाईचा अंगठा आपोआप पारड्यावरून उठायचा असं म्हणतात. चीजवाली बाई तसं म्हणत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांच्यापुढे मोठाच पेच पडला: माप होतं, पण ज्याला लावायचं असं काही उरलं नव्हतं. काही दिवस त्यांनी शनिवारी कोण आपल्या दारापुढचा फुटपाथ झाडतो आणि कोण नुसता झाडू घेऊन उभा राहतो यावर लक्ष ठेवून पाहिलं. त्यात गोडी होती, पण अधिकार नव्हता. मग तळघरातला तेलावरचा जुना बॉयलर एका सकाळी बंद पडला, आणि श्वेंकांच्या आयुष्याला पुन्हा अर्थ आला.

इथे रोझविताच्या पायांबद्दल सांगायला हवं. ते गार असतात. ही तिची तक्रार नव्हे; डोळे घारे आहेत म्हणून सांगावं तशी ती ते सांगते. श्वेंकांच्या घराण्यात स्वयंपाकघर तापवायचं आणि बाकीच्या खोल्यांना दार उघडं ठेवून त्याची कल्पना द्यायची, अशी पद्धत होती. झोपायच्या खोलीची खिडकी भर जानेवारीतही तिरपी उघडी हवी, कारण बंद खोलीत झोपलेला माणूस सकाळी जिवंत सापडेल यावर आमच्याकडे कोणाचा विश्वास नाही. रोझविता लग्न होऊन या घरात आली ती फेब्रुवारीत. तेव्हापासून ती मोज्यांवर मोजे चढवते आणि ओव्हनमध्ये तापवलेली चेरीच्या बियांची पिशवी पायाशी घेऊन झोपते. तिची बहीण गुड्रून रॉयटलिंगनला फ्लॅटमध्ये राहते. तिथली फरशी उबदार, आणि गुड्रून नाताळात अनवाणी हिंडते. रोझविताने आयुष्यात हेवा केलेली ही एकच गोष्ट असावी.

बॉयलर गेला तेव्हा ती म्हणाली, "ओटमार, मला सकाळी उठून उघडा पाय जमिनीवर टेकवायचाय आणि तो मागे घ्यायचा नाहीये. बाकी तुला हवं ते कर."

बाकी पुष्कळ होतं. आधी श्वेंकांनी हीट पंप या प्रकाराला साफ नकार दिला. बाहेर पाणी गोठलेलं असताना त्याच हवेतून ऊब काढून घरात आणणारं यंत्र, ही त्यांना दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांची भाषा वाटली. मग त्यांनी हिवाळाभर वाचन केलं. फ्रिज आतली ऊब बाहेर टाकतो, हा बाहेरची आत टाकतो, एवढीच गंमत आहे, हे त्यांना एका रविवारी कळलं. आणि सोमवारपासून, ज्याला ते अजून कळलेलं नाही अशा माणसाला ते रस्त्यात थांबवू लागले. घरातल्या सगळ्या फरश्या उखडल्या गेल्या. खाली नळ्यांची वेटोळी पसरली, वर नवा कोबा, वर नवी फरशी. हे काम चालू असताना नवराबायको गुड्रूनकडे राहिली. श्वेंक तिथेही सपाता घालून होते. रोझविताने आपल्या सपाता पिशवीतून काढल्याच नाहीत.

पंप बसला आणि मंडळ स्थापन झालं. आमच्या बैठका 'हरीण' खानावळीच्या मागच्या खोलीत होतात. अध्यक्षांनी घंटा वाजवली की आम्ही सगळे एकमेकांना 'तुम्ही' म्हणू लागतो आणि नावाआधी 'हेर' किंवा 'फ्राउ', म्हणजे श्रीयुत किंवा श्रीमती, लावतो. बैठक संपल्याची घंटा झाली की पुन्हा 'तू'. त्यामुळे श्वेंकांचा शेजारी आल्ब्रेख्त माउटे याला एकाच संध्याकाळी, एकाच बिअरच्या ग्लासावर, "हेर माउटे, आपला गालिचा अक्षम्य आहे" आणि "आल्ब्रेख्त, मीठ सरकव" अशी दोन्ही वाक्यं ऐकावी लागतात.

श्वेंकांचा सल्ला चुकीचा असता तर त्यांच्याबद्दल लिहिणं सोपं गेलं असतं. तो अचूक असतो. आधी छताला आणि भिंतींना ऊब धरून ठेवणारं आवरण घाला, मग पंप केवढा हवा ते मोजा, उलट करू नका. गरजेपेक्षा मोठा घेतलात तर तो उचकी लागल्यासारखा दिवसभर चालू-बंद होत राहील. नळ्यांतलं पाणी कढत नको, कोमट हवं. जितकं कोमट, तितकी वीज कमी. फरशीवर जाड गालिचा म्हणजे तापल्या तव्यावर दुलई. बिनपायांचा सोफा हा तोच गुन्हा, फक्त बसून केलेला. पंपाच्या घराबाहेरच्या पेटीपुढे झुडूप लावू नका, तिला श्वास लागतो. ती शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीखाली ठेवू नका, त्यालाही झोप लागते. कडक थंडीत पेटीतून वाफेचे लोट निघतात ते तिच्यावरचा बर्फ वितळल्याचे, आगीचे नव्हेत. हे वाक्य नेहमी खजिनदार फ्राउ बिट्सर यांच्याकडे पाहून म्हटलं जातं, कारण त्यांनी एकदा अग्निशमन दल बोलावलं होतं. आणि शेवटचा मुद्दा, ज्यासाठी अध्यक्ष खुर्चीतून उठतात: हात लावू नका. ही फरशी तापायला दिवस घेते आणि निवायलाही. रात्री बंद, सकाळी चालू, ही तेलाच्या जमान्यातली खोड इथे घात करते. सगळ्या खोल्यांतली फरशीची बटणं उघडी ठेवा, पंपाला मंद आणि अखंड चालू द्या. फार खाज आली तर पाण्याचं तापमान एका खुणेने बदला आणि दोन दिवस गप्प बसा.

माउटेने गालिचा गुंडाळला आणि जन्मात पहिल्यांदा दोन दिवस गप्प बसला. त्याचं घर उबदार आहे. फ्राउ बिट्सर यांनी पेटीपुढचं लायलॅकचं झुडूप उपटलं. त्यांचंही घर उबदार आहे. हासलिंगनमध्ये ज्यांनी ज्यांनी श्वेंकांचं ऐकलं, त्यांची सगळ्यांची घरं उबदार आहेत. श्वेंकांनी तेवढं ऐकलेलं नाही.

रोज संध्याकाळी, आठच्या बातम्या लागण्याआधी, ते सपाता सरकवत घरभर फिरतात आणि प्रत्येक खोलीतलं बटण डावीकडे, हिमकणाच्या चित्रापर्यंत, पिळतात. त्यांचे वडील याच वेळेला शेगडीवर राख ओढत. पुढे ते स्वतः तळघरात उतरून बॉयलर मंद करत. आता बटणं. बातम्या सुरू होताना घर तापत असणं त्यांना बघवत नाही, जसा वाहता नळ बघवत नाही. सकाळी न्याहारी झाली की ती सगळी बटणं ते पुन्हा उजवीकडे नेतात. बिचारी फरशी दुपारनंतर जरा शुद्धीवर येऊ लागते, तोवर बातम्यांची वेळ होते.

रोझविताने हे त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही असं नाही. ती म्हणाली, "तू लोकांना सांगतोस, रात्री कमी करू नका."

"बरोबर सांगतो."

"आणि तू स्वतः?"

"मी कुठे कमी करतो?" श्वेंक म्हणाले. "मी बंद करतो."

पाय गारठतात, असं ती म्हणाली तर त्यावरही उत्तर होतं. तेही छापील आणि तेही खरं. नीट लावलेली फरशी पायाला गरम लागतच नाही. ती ना गरम लागते ना गार. पायाला ऊब जाणवली तर खुशाल समजावं की पाणी नको इतकं तापतंय आणि कुठेतरी बिघाड आहे. मग ती चालू आहे की बंद हे ओळखायचं कशावरून, असं रोझविताने विचारलं.

"यंत्राच्या पडद्यावरून. पायांवर विसंबायचं नाही, रोझविता. पाय हे काही प्रमाणित माप नव्हे."

गावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि याचं कारण सपाता. आमच्याकडे कोणाच्या घरी गेलं की बूट दारात काढायचे आणि पिशवीतून आणलेल्या आपल्या सपाता चढवायच्या, त्याही बोटभर जाड लोकरीच्या. हासलिंगनमधल्या माणसाचा तळवा त्याच्या डॉक्टरखेरीज सहसा कोणी पाहिलेला नसतो. मंडळाचे सभासद श्वेंकांच्या बैठकीच्या खोलीत वर्षभर येत होते, फरशीचं कौतुक करत होते, आणि त्यांच्यापैकी एकाचाही त्या फरशीशी परिचय झालेला नव्हता.

दुसरा हिवाळा आला. नाताळच्या आधी एकदा मसूर वाढता वाढता रोझविताने सांगितलं की ती सहा जानेवारीच्या, तीन राजांच्या सणापर्यंत वाट पाहील. त्या दिवशी ती पाय टेकवेल. मागे घ्यावा लागला, तर गुड्रूनकडे जाईल. रागावून नाही, राहायला. श्वेंकांनी घास संपवला आणि मुदत वाजवी असल्याचं मान्य केलं. मुदती त्यांना आवडतात.

त्या दिवसांत त्यांनी हातपाय हलवले नाहीत असं कोणी म्हणू नये. पंपाच्या पेटीभोवतीचा बर्फ ते रोज झाडत. नळ्यांतली हवा त्यांनी काढली. पाण्याचं तापमान आणखी एका खुणेने उतरवलं, कारण गावात सर्वांत कमी तापमान अध्यक्षांचं असणं उचित होतं. रोझविताच्या पलंगापुढे एक छोटी लोकरी सतरंजी होती, जिच्यावर ती सकाळी पाय ठेवत असे; ती उष्णतेच्या मार्गातला अडथळा ठरवून त्यांनी माळ्यावर टाकली. आठच्या बातम्यांआधीची फेरी मात्र चालू राहिली. त्यांच्या मते तिचा या प्रश्नाशी संबंध नव्हता.

शिवाय मंडळाचा वार्षिक फरशी-दर्शनाचा कार्यक्रम त्यांनी त्याच सणाच्या दिवशी स्वतःच्या घरी ठेवला. निकाल लागणारच आहे तर साक्षीदार असलेले बरे, असा हिशोब असावा. चर्चमधून परस्पर आम्ही पाच जण तिथे गेलो. बूट काढले, सपाता चढवल्या. टेबलावर वेणी घातलेला गोड पाव होता, लोणी होतं. रोझविता स्वयंपाकघरात कॉफी करत होती आणि दाराशी, छत्र्यांच्या शेजारी, एक बांधलेली बॅग उभी होती. तिच्याकडे आम्ही सभ्यपणे पाहिलं नाही.

श्वेंकांनी घंटा वाजवली आणि आम्ही 'तुम्ही' झालो. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला, मंद व अखंड यांचं महत्त्व सांगितलं, रात्री बंद करणाऱ्यांचा नामोल्लेख टाळून समाचार घेतला. बोलण्याच्या ओघात फ्राउ बिट्सर यांनी हात वर केला.

"हेर अध्यक्ष, आपण फरशी पाहायला आलोय आणि सगळे सपातांत उभे आहोत. सपाता आणि मोजे काढावेत, असा मी ठराव मांडते."

ठराव एकमताने मंजूर झाला. श्वेंकांनीच पहिला हात वर केला होता. लोकांनी भिंतीला धरून मोजे काढले, घड्या घालून खिशात ठेवले, आणि उघडे पाय एकदम जमिनीवर टेकले. माउटेने एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीला घासला, मग पाय बदलला. कोणीतरी नाकाने लांब श्वास घेतला. तेवढ्यात रोझविता कॉफीची किटली घेऊन आली. तिने किटली खाली ठेवली, मोज्यांचा एक जोड काढला, त्याखालचा दुसरा काढला आणि पाय टेकवला. मग मागे घेतला.

"हेर माउटे," श्वेंक म्हणाले, "आपलं निरीक्षण?"

माउटेचं स्वतःचं घर उबदार असल्यामुळे त्याला फरक चांगला कळत होता. त्याने आधी अध्यक्षांकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. "गरम तर नाहीच," तो म्हणाला. "आणि गार... गारही नाही म्हणता येईल."

"फ्राउ बिट्सर?"

"मला तर पायांना काहीच जाणवत नाहीये."

"अगदी बरोबर," श्वेंक म्हणाले. "काही जाणवताच कामा नये."

अध्यक्षांच्या निवासस्थानाची फरशी योग्य रीतीने तापलेली आहे, असा ठराव मतास टाकण्यात आला. सहा हात वर गेले. त्यांतले बरेच काखेतून काढावे लागले. सभासद क्रमांक सात यांनी हात वर केला नाही. बैठक चालू असल्यामुळे श्वेंकांना बायकोलाही 'तुम्ही' म्हणावं लागलं.

"फ्राउ श्वेंक, आपल्या विरोधाला काही कारण?"

"पाय गार आहेत."

"ते नेहमीच असतात," अध्यक्ष म्हणाले. "कारण म्हणून ते धरता येणार नाही."

रोझविताने सगळ्यांना कॉफी ओतून दिली, पाव कापून दिला आणि कोट चढवला. श्वेंक माणूस वाईट नाहीत. बैठक संपल्याची घंटा वाजवून ते बॅग उचलून तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेले, आणि मला त्याच बसने पुढच्या गावी जायचं असल्यामुळे मीही मागून चालत होतो. वाटेत त्यांनी तिला समजावलं की गुड्रूनच्या इमारतीत ऊब शहराच्या मोठ्या भट्टीतून नळाने येते, म्हणजे त्यात कौशल्य असं काही नाही.

"पण येते," रोझविता म्हणाली. बस दिसू लागल्यावर तिने बॅग त्यांच्या हातातून घेतली. "ओटमार, फरशी गरम झाली की फोन कर. मी त्याच दिवशी येईन. दुसरं काही म्हणणं नाही माझं."

"नोंद घेतली," श्वेंक म्हणाले, आणि बस वळेपर्यंत टोपी हातात धरून उभे राहिले. घरी गेल्यावर त्यांना तिच्या सपाता दारातच दिसल्या असतील. तिने त्या नेल्या नव्हत्या.

पुढचे काही आठवडे ते एकटेच फिरून बटणं पिळत होते. मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांना फ्ल्यूने गाठलं. सकाळी नेहमीप्रमाणे बटणं उजवीकडे नेऊन ते अंथरुणाला खिळले ते खिळलेच. आठच्या बातम्या त्यांच्याविना झाल्या, दुसऱ्या दिवशीच्याही, त्यानंतरच्याही, आणि बटणं जिथे होती तिथेच राहिली. पंप प्रथमच मंद आणि अखंड चालला. अध्यक्षांचा सल्ला अखेर अध्यक्षांच्या घरी पाळला गेला. त्यासाठी अध्यक्षांना ताप यावा लागला, इतकंच.

माउटे त्यांच्यासाठी माउलटाशन, म्हणजे आमच्याकडच्या सारण भरलेल्या कणकेच्या पुड्या, घातलेलं गरम सूप घेऊन गेला. सपाता आणायला विसरला होता, म्हणून नुसत्या मोज्यांवर आत शिरला, आणि खोलीच्या मध्यावर येऊन थांबला. पुढचं सगळं त्यानेच मला सांगितलं.

"ओटमार," तो म्हणाला, "तुझी फरशी गरम आहे."

"माहीत आहे," श्वेंक उशीवरून म्हणाले. "कालपासून आहे. जरा उठता येऊ दे, बघतो मी."

"बघायचंय काय त्यात? रोझविताला फोन लावू का?"

"ती येऊन काय करणार? तिला यातलं कळत नाही."

माउटे म्हणतो की श्वेंक मग पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी दोन्ही पाय खाली सोडले. सपाता पलीकडे होत्या. पाय फरशीला टेकले आणि टेकलेलेच राहिले. बराच वेळ ते तसेच बसून आपल्या पायांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा पडला होता, तसा एखाद्या ओळखीच्या खाटकाच्या काट्यात फरक सापडल्यावर पडत असे. माउटेला वाटलं, आता हा माणूस फोन मागणार. त्याने स्वतःचा मोबाइल खिशातून अर्धा काढलाही.

श्वेंकांनी सपाता मागितल्या. त्या चढवून, भिंतीला धरत धरत, ते यंत्राच्या पडद्यापाशी गेले आणि त्यांनी पाण्याचं तापमान एका खुणेने उतरवलं. एकाच, नियमाबाहेर ते गेले नाहीत. माउटेने सूप गरम करून दिलं. संध्याकाळी आठच्या आत श्वेंक बटणांच्या फेरीसाठी पुन्हा उठले, तेव्हा त्यांचा ताप उतरला होता.

मार्चमध्ये 'हरीण' खानावळीत वार्षिक सभा झाली. घंटेनंतर अध्यक्षांचा अहवाल वाचण्यात आला: सरत्या हिवाळ्यात अध्यक्षांच्या निवासस्थानी फरशीस पायाला जाणवेल इतकी ऊब आल्याचे आढळून आले, अध्यक्षांनी आजारी असतानाही या बिघाडाची तत्काळ दखल घेऊन तो बाहेरील कोणाच्याही मदतीविना दूर केला, त्यांच्या तत्परतेबद्दल मंडळ त्यांचे अभिनंदन करीत आहे. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे आम्ही बोटांची पेरं टेबलावर आपटून संमती दर्शवली. सभासद क्रमांक सात अनुपस्थित, कारण अप्राप्त, अशी नोंद झाली.

रोझविता रॉयटलिंगनला आहे. तिथे ती अनवाणी असते.